नाण्याला वीत, हंड्याला दीड हात
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि ज्यांच्याशी औपचारिक बोलायला लागले तर मलाच हसू येईल अशा माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी आम्हा सगळ्यांना एकच अट घातली होती. नोकरीबद्दल बोलायचं नाही, मुलांच्या मार्कांबद्दल बोलायचं नाही, आपापल्या छंदाबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोलायचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे ही अट मला बरीच सोयीची झाली, कारण सॉफ्टवेअरबद्दल वीस मिनिटं ऐकायला तुम्ही थांबला नसता. माझा छंद मेटल डिटेक्टरचा आहे. ही यंत्रं मी जोडते, मोडते, विकत घेते, मैत्रिणींच्या नवऱ्यांची मागून आणते आणि एकाशेजारी एक ठेवून बघते की कुठलं किती खोल बघतं. ग्रुपवर हे कळल्यापासून मला "सोनंवाली" असं नाव पडलं आहे. तेव्हा आधीच सांगते, आजपर्यंत मला सर्वांत जास्त सापडलेली वस्तू म्हणजे गंजलेला खिळा. दुसऱ्या क्रमांकावर बाटलीचं बूच.

तरी हा विषय मी मुद्दाम निवडला, कारण आपल्या भागात या यंत्राच्या नावाखाली लोकांचे पैसे जातात, कधी कधी जमिनी जातात. वरणगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, रावेर, कुठल्याही गावात विचारा. गढीत हंडा आहे, पांढरीत हंडा आहे, अमक्याच्या वाड्याच्या जोत्याखाली हंडा आहे, हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पूर्वी त्यासाठी पायाळू माणूस शोधायचे, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचे. आता अंजनाच्या जागी यंत्र आलं आहे. यंत्राला दिवे आहेत, आकडे आहेत, डबा आहे, आणि डब्यावर लिहिलेलं आहे की हे तीस फूट खोल सोनं दाखवतं. शिकलेला माणूससुद्धा आकडा बघून गप्प होतो. म्हणून आज मला त्या एका आकड्याबद्दल बोलायचं आहे. यंत्र किती खोल बघतं?

आधी ते बघतं कसं, ते सांगते. विज्ञानाचे आपले सर समोर बसले आहेत, त्यामुळे जपून बोलते. सर, तुम्ही तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून गॅल्व्हानोमीटरची सुई हलवून दाखवली होतीत. मेटल डिटेक्टरमध्ये त्याहून वेगळं काही नाही. दांड्याच्या टोकाला जी ताटली असते तिच्यात तारेचं वेटोळं असतं, त्याला आपण कॉइल म्हणू. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की खाली जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात नाणं आलं की त्या नाण्यात बारीक प्रवाह गोल गोल फिरू लागतो, जसा ओढ्यात भोवरा. त्या भोवऱ्याचं स्वतःचं एक इवलंसं चुंबकीय क्षेत्र असतं. ते वर येतं, दुसरं वेटोळं ते पकडतं आणि यंत्र वाजतं. परत आलेली लाट किती मागे पडली आहे, यावरून धातू कोणता असावा याचा अंदाज बांधता येतो. फॅक्टरीतल्या घरांमधून आलेल्यांना पितळ आणि पोलाद यांतला फरक मी काय सांगणार? यंत्र तोच फरक लाटेच्या उशिरावरून करतं. मात्र तो अंदाजच असतो. सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांत भलीभली यंत्रं फसतात.

आता खोलीचं गणित. ते एकदा डोक्यात बसलं, की कुठलाही विक्रेता तुम्हाला फसवू शकणार नाही. कॉइलच्या रुंदीपेक्षा जास्त खोल गेलं, की क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होत जातं. म्हणजे खोली दुप्पट केली की नाण्यापर्यंत पोचणारं क्षेत्र दुप्पट कमी होत नाही, आठवा हिस्सा उरतं. आणि नाण्याचं उत्तर वर येताना त्याचंही तसंच होतं, आणखी आठवा हिस्सा. आठ गुणिले आठ, चौसष्ट. खोली दुप्पट, तर आवाज चौसष्टावा हिस्सा.

हेच उलट बाजूने मांडते. समजा एक यंत्र रुपयाएवढं पितळी नाणं २० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण वीतभर खोलीवर पकडतं. बाजारातल्या साध्या, पण खऱ्या यंत्रांची मजल चांगल्या जमिनीत इतकीच असते. आता तुम्ही त्याच्या दुप्पट तिखट कानाचं यंत्र आणलं. नाणं किती खोल दिसेल? ४० सेंटिमीटर नाही. साडेबावीससुद्धा नाही, २२.४. दहापट तिखट यंत्र आणलं तर २९. हजारपट आणलं तर ६३. आणि दोन मीटरवर तेच नाणं बघायचं असेल, तर पहिल्यापेक्षा दहा लाख पट तिखट यंत्र लागेल. डब्यावरचे ते तीस फूट म्हणजे नऊ मीटर. त्यासाठी लागतील ८३० कोटी पट. हे गणित मी वहीत दोनदा केलं आहे. ज्याला शंका असेल त्याने ४५ चा सहावा घात काढून बघावा. नऊ मीटर म्हणजे २० सेंटिमीटरच्या ४५ पट, म्हणून ४५.

तुम्ही म्हणाल, नाणं कोण शोधतंय, आम्हाला हंडा हवा आहे. ठीक आहे, हंड्याचंही गणित आहे. वस्तू मोठी झाली की तिचं उत्तर जोरात येतं, पण खोली त्या मानाने वाढत नाही. वस्तूची रुंदी दहापट केली की खोली साधारण सव्वातीन पट होते. वीतभर खोल नाणं दाखवणारं यंत्र पाऊण फूट रुंद तांब्याचा हंडा साधारण दोन फुटांवर दाखवेल. मोठी कॉइल लावली तर आणखी थोडं खाली जाता येईल, पण मोठ्या कॉइलला लहान वस्तू दिसेनाशा होतात. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर नाण्याला वीत, हंड्याला दीड हात. आजच्या भाषणातलं एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आणि हे सगळं चांगल्या जमिनीतलं झालं. आपली जमीन काळी आहे.

लहानपणी चुंबक वाळूत फिरवून त्याला काळी दाढी लावायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. तापीच्या वाळूत तर ती दाढी भरघोस यायची. ते कण बेसाल्टमधले, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातले आहेत. त्यात लोहाचं चुंबकीय खनिज असतं. दख्खनचं अख्खं पठार या लाव्ह्याच्या थरांचं आहे, आणि आपली कापसाची काळी जमीन त्याच पाषाणाच्या झिजेतून तयार झाली आहे. शेतकऱ्याला जी कसदार, ती डिटेक्टरला डोकेदुखी. कॉइल खाली नेली की नाण्याच्या आधी जमीनच उत्तर देते, तेही नाण्यापेक्षा कितीतरी मोठ्याने. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कोपऱ्यातल्या आजीचं बोलणं ऐकायचं, असं ते काम आहे. हवाई बेटांमधल्या काहोओलावे बेटावर अमेरिकी नौदलाने वर्षानुवर्षं बॉम्बफेकीचा सराव केला होता. ते बॉम्ब नंतर शोधून काढायची वेळ आली, तेव्हा तिथल्या बेसाल्टच्या मातीने डिटेक्टरना असंच हैराण केलं. म्हणजे आपली अडचण जगावेगळी नाही.

चांगल्या यंत्रात जमिनीचा हा आवाज वजा करायची सोय असते. कॉइल जमिनीवर वर-खाली करून यंत्राला आधी सांगायचं, की हा आवाज जमिनीचा, हा सोडून दे. पण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. भेगेवरून कॉइल गेली की जमिनीचा आवाज एकदम बदलतो, आणि यंत्र काही नसताना वाजतं. शिवाय भेगांमुळे आणखी एक गंमत होते. मे महिन्यात पडलेलं कानातलं सरळ भेगेत जातं, पावसात भेग मिटते, आणि वस्तू वीतभरापेक्षा खाली राहते. काळी जमीन वस्तू गिळते असं म्हातारी माणसं म्हणतात. त्यात अंधश्रद्धा काही नाही, ते मातीचं वर्तन आहे.

आणि आपल्या गावाजवळ तर दीपनगरचं वीज केंद्र. तिथून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारांखाली यंत्र चालू केलं की ते रातकिड्यासारखं किरकिरतं. संवेदनशीलता कमी केल्याशिवाय ते गप्प होत नाही, आणि ती कमी केली की खोली गेली.

आजूबाजूची परिस्थिती यंत्राला कशी फसवते याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८८१ सालचं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर २ जुलैला गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईने एक धातुशोधक तयार केला. अंगात जुनी गोळी राहिलेल्या सैनिकांवर त्यांनी तो तपासला होता, आणि तो चालत होता. पण अध्यक्षांच्या बिछान्यापाशी तो जिकडेतिकडे वाजू लागला, कारण त्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्या काळी अशी गादी फार थोड्या लोकांना माहीत होती. त्यात भर म्हणजे, मुख्य डॉक्टरांचा हट्ट होता की गोळी उजव्या बाजूलाच आहे, तिकडेच शोधा. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. बेल यांचं यंत्र वाईट नव्हतं. पण प्रयोगशाळेतली खोली आणि प्रत्यक्षातली खोली एक नसते, आणि वरिष्ठांनी आधीच उत्तर ठरवून टाकलं असेल तर यंत्राचा उपयोग नसतो. आपल्यापैकी जे सरकारी खात्यांत आहेत त्यांना हे दुसरं वाक्य जास्त कळेल.

आता माझ्या तुलनेकडे येते. माझ्याकडे तीन यंत्रं होती. एक मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेलं, एक साधं विकतचं, आणि एक मैत्रिणीच्या नवऱ्याचं, परदेशातून आणलेलं, अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारं महागडं. आधी तिन्ही हवेत तपासली. टेबलावर कॉइल आडवी ठेवायची आणि लाकडी पट्टीवरून नाणं दूर नेत जायचं. हवेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत चार बोटांचा फरक होता. मैत्रिणीचा नवरा नाराज झाला. मग तीच यंत्रं आमच्या शेतात नेली. तिथे मात्र चित्र बदललं. तिन्हींची खोली कमी झाली, पण महागड्याची सर्वांत कमी घटली. मुख्य म्हणजे ते विनाकारण फार थोडं वाजलं. साध्या यंत्राने इतका गोंधळ घातला, की खरा आवाज कुठला हे ठरवताना घाम फुटला. म्हणजे जास्त पैसे दिले की खोली मिळते असं नाही. जास्त पैशांत मिळते ती खात्री. महाग यंत्र खोटं कमी बोलतं.

म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना काय पाळावं, ते सांगते. सुरुंग काढणाऱ्यांना याची फार गरज असते, कारण तिथे चूक झाली तर जीव जातो. युरोपात २००३ मध्ये त्यांनी डिटेक्टर तपासण्याची एक सामायिक पद्धत ठरवून दिली. तिच्यातलं शहाणपण आपल्या अंगणातही चालतं.

पहिलं, चाचणी आपल्याच मातीत करायची. विक्रेत्याने आणलेल्या वाळूच्या बादलीत नाही.

दुसरं, वस्तू एकच ठेवायची. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. आजचा एक रुपया चुंबकाला चिकटतो, कारण तो स्टेनलेस स्टीलचा आहे. पाच रुपयांचं पिवळं नाणं चिकटत नाही, ते तांबं, जस्त आणि निकेलचं आहे. एका यंत्राला रुपया आणि दुसऱ्याला पाच रुपये दाखवले, तर ती तुलना यंत्रांची झालीच नाही, ती टाकसाळीची झाली.

तिसरं, खोली जमिनीच्या पृष्ठभागापासून मोजायची, आणि कॉइल जमिनीपासून किती वर धरली तेही लिहायचं. कॉइल दोन बोटं वर राहिली तर दोन बोटं खोली गेली.

चौथं, आणि सर्वांत महत्त्वाचं. पुरणारा वेगळा, शोधणारा वेगळा. शोधणाऱ्याला कुठे काय आहे ते माहीत असता कामा नये, आणि ज्याला माहीत आहे त्याने शोधणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहता कामा नये. दहा सारखे खड्डे करायचे, एकात नाणं, नऊ रिकामे, सगळे सारखे बुजवायचे. नुसत्या नशिबाने बरोबर सांगण्याची शक्यता दहात एक. जागा बदलून पुन्हा केलं आणि पुन्हा बरोबर आलं, तर शंभरात एक. तिसऱ्यांदाही आलं तर हजारात एक, आणि मग त्या यंत्राला मान द्यायला हरकत नाही.

पाचवं, रिकाम्या खड्ड्यावर यंत्र किती वेळा वाजलं, तेही मोजायचं. जे यंत्र सगळीकडे वाजतं, ते एकही वस्तू सोडत नाही. पण त्याचा उपयोग शून्य. वर्गात प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारा आपला एक मित्र होता. तो आज इथे आहे, मी नाव घेत नाही.

या दहा खड्ड्यांच्या चाचणीची ताकद किती मोठी आहे बघा. इराकमध्ये एडीई ६५१ नावाचं बॉम्बशोधक यंत्र नाक्यानाक्यावर सैनिकांच्या हातात होतं. एका मुठीवर एक हलणारी दांडी, एवढंच. आत चालणारं काही नव्हतंच. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकने मूळ कल्पना गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या वस्तूवरून घेतली होती. २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. पण तोवर बॉम्ब भरलेल्या गाड्या नाक्यांवरून निघून गेल्या होत्या आणि माणसं मेली होती. थायलंडमध्ये जीटी २०० नावाचं असंच यंत्र होतं. २०१० मध्ये तिथे नीट, डोळे झाकून चाचणी घेतली, तर वीसपैकी चार वेळा उत्तर बरोबर आलं. ही चाचणी खरेदीच्या आधी एका दुपारी करता आली असती. फक्त तसा आग्रह धरणारं कोणी हवं होतं.

आमच्या नात्यातल्या एका काकांकडे असाच माणूस आला होता. काकांच्या शेतात एक जुनं जोतं आहे, मग काय, हंडा असणारच. त्याच्याकडे दांडीवालं यंत्र होतं, ते जोत्याकडे वळत होतं. तो म्हणाला, पंचवीस फुटांवर धातू आहे. खोदकामाचा आणि विधीचा खर्च मोठा, आधी द्यायचा. काका एक एकर गहाण टाकायच्या विचारात होते. काकूंनी मला फोन केला. मी दिवाळीला जाणारच होते, म्हटलं त्यांना बोलवा. तो आला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. काकांच्या बोटातली अंगठी घेतली, अंगणात दहा उलट्या पाट्या मांडल्या, आणि म्हटलं, दादा, तुम्ही पाठ करून उभे राहा, काकू एका पाटीखाली अंगठी ठेवतील, मग आम्ही दोघीही घरात जातो, तुम्ही पाटी सांगा. पंचवीस फूट नको, जमिनीच्या वरच आहे. तो म्हणाला, पुरलेलं धन आणि ठेवलेली वस्तू यांत फरक असतो, यंत्राला राखणदाराचा वास लागतो. काका सगळं ऐकत होते. त्यांनी त्याला चहा पाजला, रस्त्यापर्यंत सोडून आले आणि पाट्या गोळा करून गोठ्यात ठेवल्या. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. पण एकर अजून त्यांच्याच नावावर आहे आणि यंदा त्यात केळी आहे.

मी हे हसत सांगते आहे, पण यातलं सगळंच हसण्यासारखं नाही. गुप्तधनाच्या नादात आपल्या राज्यात माणसांचे बळी गेलेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्येच झाला. त्या कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

दुसरा कायदा फार जुना, १८७८ चा, निखात निधीचा. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवली तर शिक्षा आहे. माझ्यासारख्या छंदिष्टांनी हे आधी वाचायला हवं. आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात खोदायचं तर नावच काढायचं नाही. कायद्याची भीती हे त्याचं एकच कारण नाही. आपल्या खानदेशात प्रकाशे आणि बहाळ इथे उत्खननं झाली, आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती समजली. ती समजली थरांवरून. कुठल्या थरात कुठलं खापर, यावरून काळ ठरतो. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार धातूच्या मूर्ती सापडल्या. सगळ्या मिळून साठ किलोंच्या आसपास. जगभर त्यांचं नाव झालं. पण त्या शास्त्रीय उत्खननात थरातून निघालेल्या नसल्यामुळे त्यांचा काळ नेमका कोणता, यावर अभ्यासक पुढेही वाद घालत राहिले. वस्तू मिळते आणि तिची जन्मतारीख मातीत राहून जाते. आपण पांढरीत यंत्र घेऊन शिरलो आणि एक नाणं उपटलं, की तेच होतं.

मग या यंत्राचा उपयोग काय? भरपूर आहे. फक्त तो वीतभर खोलीतला आहे. थ्रेशरमध्ये जाण्याआधी मळणीच्या ढिगातला नटबोल्ट शोधा. जिनिंगवाल्यांना विचारा, कापसात लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी पडून आग कशी लागते. बुजलेला व्हॉल्व्ह शोधा. आणि हरवलेला दागिना शोधा. आपल्या वर्गातल्या एकीची पोत कापूस वेचताना तुटली. तिने मला बोलावलं. तुटलेल्या पोतीची साखळी शोधणं सर्वांत कठीण, कारण तिची प्रत्येक कडी सुटी आणि इवलीशी, त्यात भोवरा फिरायला जागाच नाही. अख्खी अंगठी त्या मानाने फार लवकर वाजते. म्हणून मी तिला म्हटलं, साखळी विसर, आपण डोरल्याच्या वाट्या शोधू. दोन ओळींच्या मध्ये दोरी बांधली, हातभर रुंदीचे पट्टे पाडले, कॉइल मातीला टेकवून सावकाश फिरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाटी मिळाली, चार बोटं खाली. दुसरी तिथूनच दोन पावलांवर. साखळी अजून शेतातच आहे. ती इथे बसली आहे आणि ती वाटी आत्ता तिच्या गळ्यात आहे, हवं तर विचारा. त्या दोन दिवसांत यंत्रापेक्षा दोरीने जास्त काम केलं, हेही ती सांगेल.

एक विनंती करून थांबते. तुमच्यापैकी बरेच जण गावात राहता, काही शिक्षक आहात, काही ग्रामपंचायतीत, काही पोलिसांत. कुणी तीस फुटांचं यंत्र घेऊन आलं, तर त्याच्याशी श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद घालू नका. त्या वादात कुणीच हरत नाही आणि घरातली म्हातारी माणसं दुखावतात. फक्त दहा पाट्या मांडा आणि एक अंगठी मागा. त्याला तीन वेळा बरोबर सांगू द्या. खरं यंत्र असेल तर ते आनंदाने सांगेल.

जेवणानंतर मैदानाच्या कडेला, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, मी दहा खड्डे करून ठेवले आहेत. तिन्ही यंत्रं गाडीत आहेत. नाणं पुरायला, सर, तुम्हीच या. आम्हाला कुठे पाठ करून उभं करायचं, ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.